‘एन्क्लोज’ : पाकिटातला आणि कुंपणातला

एफ. वाय. बी. ए.च्या वर्षी मी एका खाजगी न्यासाकडे शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. अर्ज इंग्रजीतून करावयाचा होता. माझे सारे शालेय शिक्षण गावच्या मराठी शाळेत झालेले; तेव्हा तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळालेल्या एका जुन्या अर्जावरून मी माझा अर्ज उतरवून काढला. त्याचे शेवटचे वाक्य होते, ‘एन्क्लोज्ड प्लीज फाइंड हिअरविथ ऑल द नेसेसरी डॉक्युमेंट्स.’ हे वाक्य स्वच्छ अक्षरात लिहिताना आपल्याला इंग्रजी येऊ लागले, असे मला वाटले होते. महिन्याभराने दोन ओळींचे उत्तर आले. उत्पन्नाचा दाखला ‘एन्क्लोज’ केलेला नाही, मुदतही संपली आहे, सबब अर्जाचा विचार करता येत नाही. दाखला घरीच होता. पत्र्याच्या पेटीत, आजीच्या लुगड्यांखाली. त्या वर्षी खानावळीचे पैसे भरण्यासाठी आजीने आपल्या दोन शेळ्यांपैकी एक विकली.

चूक न्यासाची नव्हती, माझीच होती. मी वाक्य लिहिले होते. वाक्यात सांगितलेली कृती केली नव्हती. इंग्रजी वाक्य हे अर्जाच्या शेवटी काढावयाच्या वेलबुट्टीसारखे असते, अशीच माझी तोपर्यंतची समजूत होती.

यंदा टी. वाय.च्या वर्गात हाच शब्द पुन्हा भेटला. सर अठराव्या शतकातील इंग्रजी काव्याची पार्श्वभूमी सांगत होते. ते म्हणाले, “या काळात पार्लमेंटने शेकड्यांनी, हजारांनी एन्क्लोजर ॲक्ट संमत केले आणि खेड्यातला गरीब माणूस देशोधडीला लागला.” माझ्या डोळ्यांपुढे एकदम तो उत्पन्नाचा दाखला उभा राहिला. अर्जाला कागद न जोडणाऱ्यांसाठी एवढे कडक कायदे होते की काय, असे मी भाबडेपणाने विचारले. वर्ग हसला. सरही हसले, पण मग म्हणाले, “प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. शब्द एकच आहे. तो दोन ठिकाणी कसा गेला, ते शोधून काढ आणि लिही.” प्रस्तुत लेख हा त्या शोधाचा वृत्तांत आहे. माझ्यासारख्याच मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिमित्रांना त्याचा उपयोग झाला, तर गेलेल्या शेळीचे थोडे तरी चीज होईल.

शब्दाचे कूळ

‘एन्क्लोज’ हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंच भाषेतून आला. फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून आला. लॅटिनमध्ये ‘क्लाउदेरे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ बंद करणे, मिटणे. त्याला ‘इन’ म्हणजे ‘आत’ हा उपसर्ग लागला की आत घालून बंद करणे असा अर्थ होतो. ‘एन्क्लोज’चा मूळ अर्थ हाच. त्यात दोन क्रिया आहेत : काहीतरी आत घेणे आणि मग दार लावणे. पुढचे सर्व अर्थ या दोन क्रियांतून निघाले आहेत.

या क्रियापदाचे गोत फार मोठे आहे. ‘क्लोज’ आणि ‘क्लॉझेट’ हे तर उघडच त्याचे भाऊबंद. पण वाक्यातले ‘क्लॉज’, निबंधाच्या शेवटचे ‘कन्क्लूड’, मठातले ‘क्लॉइस्टर’, एकांतवासी मनुष्याला म्हणतात तो ‘रेक्लूज’ आणि कोंडलेल्या जागेच्या भीतीचे नाव ‘क्लॉस्ट्रोफोबिया’, हीदेखील त्याच घरातील मंडळी आहेत. ‘डिस्क्लोज’ हा उलट्या स्वभावाचा भाऊ; एक जे आत घालून बंद करतो ते दुसरा उघड करतो.

या गोतावळ्यात मला सर्वांत विचार करावयास लावणारी जोडी वाटली ती ‘इन्क्लूड’ आणि ‘एक्स्क्लूड’ यांची. एकाचा अर्थ समाविष्ट करणे, दुसऱ्याचा वगळणे. दोन्ही त्याच ‘बंद करणे’ या धातूतून निघाले आहेत. म्हणजे दार एकच, लावणारा तोच. आत कोण राहिले आणि बाहेर कोण राहिले, एवढ्यावर शब्द बदलतो. ही गोष्ट पुढे कुंपणाचा इतिहास पाहताना उपयोगी पडेल.

उच्चाराविषयी दोन शब्द. या शब्दात जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘क्लोज’वर येतो. शेवटचा ‘ज’ हा ‘जग’मधला तालव्य ज नव्हे, तो आपल्या ‘जोर’मधल्या ज-च्या जवळचा, किंबहुना त्याहून मऊ आहे. हाच ‘क्लोज’ विशेषण होऊन ‘जवळचा’ या अर्थाने आला की शेवटी ‘स’ ऐकू येतो. ‘एन्क्लोजर’ या नामात मात्र ध्वनी पुन्हा बदलतो आणि तो ‘प्लेजर’ व ‘मेजर’ म्हणजे मोजणे यांतल्या घसरत्या ध्वनीसारखा होतो. देवनागरीत या सर्वांना आपण एकाच ‘ज’मध्ये बसवतो. लिहिताना ते क्षम्य आहे, बोलताना सांभाळावे.

अर्थाच्या छटा

आजच्या वापरात ‘एन्क्लोज’चे मुख्य अर्थ दोन. पहिला, एखाद्या जागेला वा वस्तूला चहूबाजूंनी सलग सीमा घालणे. ‘अ वॉल एन्क्लोजेस द गार्डन’ म्हणजे बागेभोवती भिंत आहे. हेच कर्मणी करून ‘द गार्डन इज एन्क्लोज्ड बाय अ वॉल’ असे म्हणतात आणि रोजच्या भाषेत कर्मणी रूपच अधिक आढळते. दुसरा अर्थ, पत्राच्या पाकिटात पत्राबरोबर आणखी काही घालणे. ‘आय एन्क्लोज अ कॉपी ऑफ माय मार्कशीट’ म्हणजे गुणपत्रिकेची प्रत सोबत पाठवीत आहे.

व्याकरणदृष्ट्या हे क्रियापद सकर्मक आहे. काय एन्क्लोज केले, हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. आपल्याकडे पुष्कळदा दार, खिडकी किंवा पुस्तक मिटण्यालाही हा भारदस्त शब्द वापरला जातो. ते चूक आहे. दार ‘क्लोज’ होते. दार लावल्यामुळे जी खोली बंदिस्त होते, तिला ‘एन्क्लोज्ड’ म्हणता येईल.

जवळच्या शब्दांतील भेदही पाहण्यासारखे आहेत. ‘सराउंड’ म्हणजे भोवती असणे. त्यात मध्ये फटी असल्या तरी चालते. डोंगर गावाला ‘सराउंड’ करतात, पोलीस घराला ‘सराउंड’ करतात. ‘एन्क्लोज’ला फट चालत नाही. भूमितीच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत एक गृहीत असे : दोन सरळ रेषा जागेला ‘एन्क्लोज’ करू शकत नाहीत. किमान तीन हव्यात. या एका उदाहरणाने शब्दाचा अर्थ जितका चोख कळतो, तितका शब्दकोशाच्या पानाने कळत नाही. ‘कन्फाइन’ म्हणजे कोंडणे. त्यात आतल्याच्या इच्छेविरुद्ध असा भाव येतो. ‘एन्क्लोज’मध्ये तसा भाव असेलच असे नाही. ख्रिस्ती धर्मातील काही जोगिणींचे मठ ‘एन्क्लोज्ड’ म्हणवले जातात. तेथील स्त्रिया स्वेच्छेने मठाच्या भिंतीआड जन्म काढतात. उलट गटाराच्या बंदिस्त टाकीत उतरणाऱ्या कामगाराच्या संदर्भात ‘एन्क्लोज्ड स्पेस’ हा शब्द येतो, तेव्हा त्यात जिवाचा धोका असतो. कारण आत हवा नसते.

याच्याजवळचा आणखी एक शब्द ‘एन्क्लेव्ह’. चारी बाजूंनी दुसऱ्याच्या मुलखाने वेढलेला प्रदेश, असा त्याचा अर्थ. १९५४ साली मुक्त होईपर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यातील दादरा व नगर हवेली हे भारतीय भूमीने वेढलेले असेच तुकडे होते. तेथे जाण्यासाठी पोर्तुगिजांना भारतातूनच वाट मागावी लागे.

पत्रातील उपयोग

आता ज्या वाक्याने माझे नुकसान झाले त्याकडे वळू. ‘एन्क्लोज्ड प्लीज फाइंड हिअरविथ’ हे वाक्य आपल्याकडील कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्याचा शब्दशः अर्थ लावून पाहा : ‘आत बंद केलेले असे, कृपा करून, यासोबत, शोधून काढा.’ पाकीट उघडणाऱ्याला कागद दिसतच असतो. तो शोधून काढण्याची विनंती कशाला? शिवाय ‘एन्क्लोज्ड’ म्हटल्यावर ‘सोबत’ हा अर्थ आलाच. मग ‘हिअरविथ’ कशाला? चांगले इंग्रजी लिहावयास शिकविणारी पुस्तके म्हणूनच हे वाक्य टाळण्यास सांगतात. ‘आय एन्क्लोज’, ‘आय ॲम एन्क्लोजिंग’ किंवा ‘अ कॉपी इज एन्क्लोज्ड’ ही तिन्ही रूपे साधी, शुद्ध आणि पुरेशी सभ्य आहेत.

त्यापुढची सूचना मी अनुभवाने करते. ‘ऑल द नेसेसरी डॉक्युमेंट्स’ असे मोघम कधीही लिहू नये. मोघम शब्दाआड विसरलेला कागद लपून राहतो. प्रत्येक कागदाचे नाव लिहावे आणि पत्राच्या तळाशी डावीकडे ‘एन्क्ल.’ असे लिहून त्यापुढे आकडा घालावा. ‘एन्क्ल. ४’ म्हणजे चार कागद जोडले आहेत. ही पद्धत कारकुनी वाटते खरी; पण तिच्यात दोन्ही बाजूंचे संरक्षण आहे. पाठविणाऱ्याला पाकीट चिकटविण्यापूर्वी मोजावे लागते आणि घेणाऱ्याला एखादा कागद गहाळ झाल्यास तो आला होता की नाही हे समजते.

‘अटॅच’ आणि ‘एन्क्लोज’ यांतील फरकही ध्यानात ठेवावा. पत्राला टाचणीने वा पिनेने जो कागद लावला तो ‘अटॅच्ड’. जो त्याच पाकिटात सुटा घातला तो ‘एन्क्लोज्ड’. संगणकावरून पाठविलेल्या पत्राला पाकीट नसते. म्हणून तेथे ‘अटॅच्ड’ म्हणणे रूढ झाले आहे. माध्यम बदलले तरी विसरण्याची सवय बदललेली नाही. ‘अटॅच्ड’ असे लिहून फाईल न जोडता पत्र पाठविणारे महाभाग आपल्यापैकी कितीतरी असतील. त्या सर्वांना मी माझे सगोत्र समजते.

याच जागी मराठी काय म्हणते, हे पाहणे मौजेचे आहे. शासकीय पत्रव्यवहारात ‘एन्क्लोजर’ला ‘सहपत्र’ म्हणतात. आपण बोलताना ‘सोबत जोडले आहे’ म्हणतो. इंग्रजीचे लक्ष पाकिटाच्या बंद तोंडाकडे आहे. मराठीचे लक्ष बरोबर जाणाऱ्या सोबत्याकडे आहे. अंधारातून कोणी निघाले की आपण ‘सोबतीला कोणी ने’ असे म्हणतो, त्यातलीच ही सोबत. एकटे पत्र कोणी मानीत नाही. त्याच्याबरोबर साक्षीला दाखला जावा लागतो. जुन्या काळी राजेरजवाड्यांची पत्रे पिशवीत बंद करून पाठवीत. त्या पिशवीचे नाव ‘खलिता’. पुढे पिशवी मागे पडली आणि तिचे नाव आतल्या पत्रालाच चिकटले. ‘लिफाफा’ हा शब्दही अरबीतून आला असून गुंडाळण्याच्या क्रियेवरून झाला आहे. म्हणजे बंद करण्याची कल्पना आपल्याकडेही होती. फक्त ती पिशवीच्या नावात राहिली, क्रियापदात आली नाही.

कुंपणाचा इतिहास

आता सरांच्या वर्गातील ‘एन्क्लोजर’कडे येऊ. मध्ययुगीन इंग्लंडच्या बऱ्याच भागात खेड्याची शेतजमीन मोठमोठ्या उघड्या शिवारांत असे. त्यात प्रत्येक कुळाच्या लांबट पट्ट्या विखुरलेल्या असत. मध्ये कुंपण नसे. शिवाराबाहेर सामाईक कुरण आणि पडीक रान असे. तेथे गावकऱ्यांना ठरलेल्या रिवाजाप्रमाणे गाय, मेंढी, बदके चारण्याचा, सरपण आणि जळणासाठी माती काढण्याचा हक्क असे. ज्याला स्वतःची जमीन नाही असा मजूरही या रानाच्या आधारावर एखादी गाय बाळगू शके.

ही उघडी जमीन एकत्र करून, तिच्यावरील सामाईक हक्क रद्द करून, तिला कुंपण घालून ती एकेका मालकाच्या नावे करणे, याला ‘एन्क्लोजर’ म्हणतात. त्याची सुरुवात लोकरीच्या भरभराटीच्या काळात झाली. धान्यापेक्षा मेंढरांत पैसा अधिक दिसू लागल्याने जमीनदारांनी शेते मोडून कुरणे केली. गावे ओस पडू लागली म्हणून १४८९ सालीच त्याविरुद्ध कायदा करावा लागला. १५१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युटोपिया’ या लॅटिन ग्रंथात सर टॉमस मोर यांनी एका पात्राच्या तोंडून इंग्लंडातील मेंढरे आता माणसे खाऊ लागली आहेत, अशा अर्थाचे उपरोधिक उद्गार काढले आहेत.

लोकांनी हे मुकाट्याने सोसले नाही. १५४९ साली नॉरफोक परगण्यातील लोक कुंपणे उपटीत निघाले आणि रॉबर्ट केट नावाच्या सधन गृहस्थाच्या जमिनीपाशी आले. त्यानेही कुंपणे घातली होती. त्यांची तक्रार ऐकून तो त्यांच्यातच सामील झाला आणि त्यांचा पुढारी बनला. नॉरिच शहराबाहेर सुमारे १६,००० लोकांचा तळ पडला होता, असे सांगतात. ऑगस्टमध्ये सरकारी फौजेने त्यांचा मोड केला आणि डिसेंबरात केटला नॉरिचच्या किल्ल्यावर फाशी दिले. पुढे १६०७ साली मध्य इंग्लंडात असाच उठाव झाला. त्याचा म्होरक्या जॉन रेनल्ड्‌स याला लोक ‘कॅप्टन पाउच’ म्हणत. आपल्या कमरेच्या चामडी पिशवीत सर्वांचे रक्षण करील अशी वस्तू आहे, असे तो सांगे. त्याला पकडल्यावर पिशवी उघडली, तेव्हा आत चीजचा एक तुकडा निघाला. ही हकीकत वाचताना मला हसू आले नाही. सर्व काही सोबत आहे असे सांगणारा आणि आत ते नसणारा असा तो दुसरा अर्जदार मला वाटला. त्याला मात्र शिष्यवृत्तीऐवजी जीव गमवावा लागला.

अठराव्या शतकात हेच काम कायद्याने होऊ लागले. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने ५,२०० हून अधिक एन्क्लोजर कायदे संमत केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. इंग्लंडच्या भूमीचा हा एक पंचमांशाहून थोडा अधिक भाग. त्या कायद्यांत या शब्दाचे स्पेलिंग पुष्कळदा ‘ई’ऐवजी ‘आय’ने सुरू होते, १७७३, १८०१ आणि १८४५ चे प्रमुख कायदे याच स्पेलिंगने ओळखले जातात. जुने दस्तऐवज वाचणाऱ्याने तो छापण्याचा दोष समजू नये.

या प्रकरणाला दुसरी बाजू आहे, तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कुंपण घातलेल्या शेतात मालक नवी पिके, नवी खते, जनावरांची सुधारित पैदास यांचे प्रयोग करू शकला. शेतीचे उत्पन्न वाढण्यात याचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद असले तरी वाटा होता हे बहुतेक मान्य करतात. प्रश्न उत्पन्नाचा नव्हता, वाटणीचा होता. कायदा झाला की आयुक्त गावात येत आणि ज्यांचा सामाईक रानावर हक्क असेल त्यांनी आपला दावा लेखी मांडावा, असे जाहीर करीत. ज्याच्यापाशी कागद होता त्याला तुकडा मिळाला. पण पुष्कळ मजूर केवळ वहिवाटीने गाय चारीत होते. त्यांना काहीच मिळाले नाही. ज्या लहान शेतकऱ्याला तुकडा मिळाला, त्याला कुंपणाचा खर्च स्वतःच करावा लागे. तो परवडेना म्हणून अनेकांनी तुकडा विकून टाकला. हे वाचले आणि माझ्या मनातले दोन ‘एन्क्लोजर’ एकमेकांना भेटले. अर्जाला कागद जोडता आला नाही म्हणून माणूस कुंपणाबाहेर राहिला, हे तिकडे खरोखरच घडले होते. वर्गातला माझा प्रश्न वेडगळ नाही, असे सर का म्हणाले, ते मला तेव्हा कळले.

ऑलिव्हर गोल्डस्मिथचे ओस पडलेल्या खेड्यावरील काव्य १७७० चे. त्यानंतरच्या पिढीतला जॉन क्लेअर (१७९३–१८६४) हा तर शेतमजुराचा मुलगा आणि स्वतःही मजूरच. त्याच्या हेल्पस्टन या गावासाठी १८०९ साली एन्क्लोजरचा कायदा झाला. लहानपणी जेथे तो मोकळा हिंडला ती रानवाट बंद झाली, आणि हे दुःख त्याच्या कवितेत पुन्हा पुन्हा आले. पुढे मनाचा तोल ढळल्यामुळे १८३७ साली त्याला लंडनजवळच्या एपिंग अरण्यातील एका मनोरुग्णालयात ठेवले. १८४१ च्या जुलैमध्ये तो तेथून निसटला आणि चार दिवस पायी चालत आपल्या मुलखात परतला. पण त्याच वर्षाअखेर त्याला नॉर्दॅम्टनच्या रुग्णालयात पाठविण्यात आले आणि उरलेली बावीस-तेवीस वर्षे त्याने तेथे काढून तेथेच देह ठेवला. ज्याने कुंपणावर लिहिले त्याचा शेवटही भिंतीआड झाला.

आपल्याकडे

ज्या एपिंग अरण्यात क्लेअर राहिला, त्यालाही कुंपणे पडू लागली होती. लोकांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि १८७८ साली पार्लमेंटने कायदा करून ते अरण्य कायमचे मोकळे, जनतेच्या विहारासाठी उघडे ठेवले. आता योगायोग पाहा. याच १८७८ साली हिंदुस्थानात इंग्रज सरकारने वनकायदा केला आणि त्याखाली ‘राखीव जंगल’ हा वर्ग अधिक कडक झाला. लंडनजवळचे रान मोकळे झाले. आमचे डोंगर बंद झाले. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगर, टेकड्या व गायराने जंगलखात्यात गेल्याने शेतकऱ्याच्या शेरडामेंढरांना जागा उरली नाही, ही तक्रार केली आहे. १९३० सालच्या जंगल सत्याग्रहात याच असंतोषाला तोंड फुटले. त्या वर्षी २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे लोकांवर गोळीबार झाला आणि माणसे मारली गेली.

पण सर्व कुंपणे इंग्रजांनीच घातली, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. मराठीत आत घेण्याचे आणि बंद करण्याचे शब्द रग्गड आहेत : कुंपण, वई, गडगा, आवार, कोट, वेढा, गराडा, कोंडवाडा. कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरे कोंडण्याची जागा. हेच नाव दया पवार यांनी १९७४ साली आपल्या कवितासंग्रहाला दिले आणि माणसांच्या कोंडवाड्याकडे बोट दाखवले. दुसरा शब्द ‘गावकूस’. गावाभोवतीची भिंत किंवा कुंपण ती गावकूस. तिने गावाचे चोरापासून रक्षण केले असेल. पण ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द उच्चारला की आपल्याला भिंत आठवत नाही, भिंतीबाहेर ठेवलेली माणसे आठवतात. ‘इन्क्लूड’ आणि ‘एक्स्क्लूड’ हे एकाच धातूचे कसे, हे मला लॅटिनच्या कोशाने सांगितले. पण खरे समजले ते या मराठी शब्दाने.

उलट आपल्याच भाषेत ‘रिंगण’ही आहे. पालखीच्या वाटेवर वारकरी गोल उभे राहतात आणि मध्ये अश्व धावतो. तेही वेढणेच आहे. पण ते वर्तुळ माणसांचे असते. नवीन कोणी आले की हात सरकवून त्याला जागा करून दिली जाते, आणि खेळ संपला की वर्तुळ मोडते.

आमच्या गावच्या गायरानाला गेल्या वर्षी तारेचे कुंपण पडले. आत झाडे लावली आहेत. झाडे लागली पाहिजेत आणि शेळ्यांनी ती खाल्ली असती, हे मला मान्य आहे. यंदा आतले गवतही चांगले वाढले. मात्र आजीची उरलेली शेळी आता बांधाच्या कडेने, दोरी हातात धरून चारावी लागते, आणि आजीचे वय सत्तरीच्या पुढे आहे. कुंपण घालण्यापूर्वी तिला कोणी विचारले नव्हते. तिच्यापाशी लेखी मांडण्यासारखे काही नव्हतेच. फक्त वहिवाट होती.

समारोप

एवढ्या हिंडण्यातून मला जे समजले ते थोडक्यात असे. ‘एन्क्लोज’ हे क्रियापद नुसती स्थिती सांगत नाही, कोणीतरी केलेली कृती सांगते. पाकिटात कागद घालणारा मी आहे. कुंपणाची तार ओढणाराही कोणी माणूसच आहे. म्हणून हा शब्द वापरताना दोन प्रश्न विचारावेत. पाकिटाच्या बाबतीत : जे आत आहे असे मी म्हटले, ते खरोखर आत आहे काय? आणि कुंपणाच्या बाबतीत : जो बाहेर राहिला, त्याला कोणी विचारले काय? पहिला प्रश्न व्याकरणाच्या वहीत लिहून ठेवण्यासारखा आहे. दुसरा भाषेच्या तासाला विचारला तर कोणी विषयांतर म्हणेल. पण शब्दाचा इतिहासच तो विचारतो, त्याला आपण काय करणार?

यंदा मी पुन्हा एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. वाक्य स्वतः रचले : कागदांची नावे घातली आणि तळाशी ‘एन्क्ल. ४’ लिहिले. पाकीट चिकटविणार तोच आजी म्हणाली, “थांब गं. किती म्हणून लिहिलंस?”

“चार.”

“मग मोज माझ्यासमोर.”

आजीला अक्षर ओळखता येत नाही. पण चार म्हणजे किती, हे तिला चांगले कळते. मी एकेक कागद तिच्या हातात दिला. तिने चारही मोजून, सरळ करून परत दिले, आणि मगच मी पाकिटाला डिंक लावला.